रमजानी अध्यक्षांचा दोरा

रमजानी मन्सूरी टंकी मोहल्ल्याचे अध्यक्ष झाले ते पंधरा दिवसांपुरते. त्या पंधरा दिवसांना यंदा अकरा वर्षं झाली.

झालं असं की आधीचे अध्यक्ष रेल्वेतून रिटायर होऊन मुलाकडे नागपूरला निघून गेले आणि मोहल्ला सुधार समितीची खुर्ची रिकामी पडली. मोहल्ल्यात गल्ल्या दोन, वरची आणि खालची. वरच्या गल्लीत मन्सूरी म्हणजे मुसलमान पिंजारी, शिवाय कुशवाहा आणि चार घरं सुतारांची. खालच्या गल्लीत रेल्वेतले मराठी, दूधवाले, डीजेवाले, आणि एक घर असं की त्यांची जात आजवर कुणाला कळलेली नाही, त्यामुळे सगळे त्यांना वचकून असतात. वरच्या गल्लीला अध्यक्ष हवा होता बब्बन. हा जुन्या बॅटऱ्यांचा धंदा करतो आणि साधं "सलाम" म्हणाला तरी शेजारचं मूल दचकून उठतं. खालच्या गल्लीला हवा होता मुकेश. हा लग्नात डीजे लावतो; त्याचा खरा आवाज कसा आहे ते कुणालाच माहीत नाही, कारण तो बोलतो तेव्हा मागे काहीतरी वाजतच असतं. मीटिंग खालच्या गल्लीत उषाताईंच्या अंगणात चालली होती. उषाताई रेल्वेच्या शाळेतल्या रिटायर मास्तरीण आणि समितीच्या सेक्रेटरी. चार तास झाले. खुर्च्या उचलल्या गेल्या, आणि आवरून ठेवायला नव्हे.

तेवढ्यात रमजानी आतून बाहेर आले. ते मीटिंगला आलेच नव्हते. उषाताईंच्या सासूबाई कमळाबाई, त्यांची गादी पिंजायला न्यायला आले होते. डोक्यावर गादी घेऊन दोन्ही पार्ट्यांच्या मधून "जरा बाजू, भैया, जरा बाजू" करत ते निघाले, आणि त्यांना वाट द्यायला दोन्ही पार्ट्यांनी हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या. उषाताईंनी हे पाहिलं. त्या किंचाळल्याच, "ह्यांना करा! ह्यांचं कुणाशी भांडण नाही!"

सगळ्यांनी गादीकडे पाहिलं. गादीखाली दोन पाय दिसत होते.

"पंद्रह दिन के लिए चलेगा," बब्बन म्हणाला.

"चौदह," मुकेश म्हणाला.

"साढ़े चौदह," गादीखालून आवाज आला.

आणि टंकी मोहल्ल्याला अध्यक्ष मिळाला.

आता हा माणूस कोण ते नीट ऐका, कारण झाशीत कुणालाही विचाराल तर लोक किल्ल्याचा पत्ता सांगतील, रमजानींचा सांगणार नाहीत. रमजानींचा जन्म वरच्या गल्लीतला. बाप पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन बबीन्याच्या लष्करी छावणीपर्यंत पायी जायचा, सुभेदारांच्या बायकांच्या रजया भरून द्यायचा. रमजानी शाळेत पाचवीपर्यंत गेले. पाचवीत मास्तरांनी आपलीच गादी भरून घेतली आणि म्हणाले, तुला आता शिकण्यासारखं काही उरलं नाही. त्यांना ते खरं वाटलं.

रजईचं काम असं असतं: कापूस सारखा पसरायचा, कापडाची चौघडी करायची, घडीच्या टोकाला खूण करायची. उलगडलं की ती खूण बरोबर मध्यावर येते. पहिला दोरा तिथे घालायचा, मग कोपऱ्यांकडे सरकायचं. मध्य चुकला तर कापूस एका अंगाला पळतो आणि नवरा-बायकोतलं एक जण जन्मभर थंडीत कुडकुडतं. चाळीस वर्षं हे केल्यावर माणसाची नजरच तशी होते. रमजानींना भाकरी दिसली की आधी तिचा मध्य दिसायचा.

मराठी त्यांना यायची, पण ती सगळी कमळाबाईंकडून आलेली. कमळाबाई गादी भरून घेताना समोर वेताच्या मोढ्यावर बसायच्या आणि सूचना द्यायच्या. त्यामुळे रमजानींच्या मराठीत गादी, उशी, लोड, तक्क्या, पलंगपोस एवढी नामं होती आणि "हळू", "पुरे", "सांडू नकोस" अशी मोजकी वाक्यं. एवढ्या भांडवलावर त्यांनी खालच्या गल्लीचा कारभार अकरा वर्षं चालवला, आणि खरं सांगायचं तर मोठमोठ्या सभागृहांतसुद्धा याहून जास्त काही लागत नाही.

समितीचं ऑफिस म्हणजे रमजानींचं दुकान. दोन गल्ल्यांच्या मधोमध, उतारावर. पुढचं दार वरच्या गल्लीत उघडतं, मागचं दार तीन पायऱ्या उतरून खालच्या गल्लीत. बाहेरून जायचं तर नाल्याला वळसा घालून सात मिनिटं लागतात, म्हणून सगळा मोहल्ला दुकानातूनच जातो. दूधवाला जातो, शाळेची पोरं जातात, एकदा वरात गेली. घोडा तीन पायऱ्यांवर अडला तेव्हा रमजानींनी त्याच्या खुराखाली चार उशा लावून दिल्या. दोन्ही दारांना कडी आहे. पण ती लागते की नाही हे कुणी पाहिलेलं नाही.

तर कारभार. पहिला प्रश्न आला रस्त्यावरच्या दिव्याचा. नगर निगमने खांब एकच दिला. बब्बन म्हणे वर, मुकेश म्हणे खाली. रमजानींनी खांब असा मधे लावला की त्याचा उजेड कुणाच्याच दारात पडेना. फक्त एका पिवळ्या कुत्र्याला मिळाला. ते कुत्रं आजही रमजानींना पाहून उठून उभं राहतं.

दुसरा प्रश्न आवाजाचा. मुकेशचा डीजे, मशिदीचा भोंगा आणि मंदिरातली आरती, तिघांचं म्हणणं एकच: आमचा आवाज लहान आहे, त्यांचा मोठा आहे. बाहेरचे चार रिकामटेकडे यात हात शेकायला टपलेले. रमजानींनी काय करावं? उषाताईंची नात मनस्वी, तिच्याकडून नेलपॉलिशची बाटली मागून आणली. लाल. आणि तिन्ही ठिकाणी जाऊन, चहा पिऊन, मशीनच्या बटणावर एकाच उंचीला एकेक ठिपका लावला. "इससे ऊपर नहीं. हळू." मौलवीसाहेबांना राग आला, पुजारीबुवांना राग आला आणि मुकेशला रडू आलं; पण तिघांना सारखाच त्रास होतोय हे कळल्यावर तिघंही गप्प झाले. मनस्वीला मराठी समजते, पण ती बोलते हिंदी. ती म्हणाली, "चाचा, मेरी नेलपॉलिश तो वापस करो." चाचांनी बाटली उजेडात धरून पाहिली. अर्धी उरली होती. ते समाधानाने हसले.

अशा गोष्टी पसरतात. एका मोठ्या पक्षाची माणसं गाडी घेऊन आली. लखनौहून नेते येणार होते आणि त्यांना स्टेजवर "एक उदार मुस्लिम चेहरा" हवा होता. चेहरा म्हणे! माणूस मागायची यांना लाज वाटते, चेहरा मागतात, तोही उदार. जसा काही बाकीच्यांचा चेहरा ते तपासून घेतात. रमजानी गेले, कारण त्यांना वाटलं पाण्याचं बोलता येईल. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. हातात माइक आला तेव्हा ते म्हणाले, "दोनों तरफ के लोग अच्छे हैं. पानी नहीं आता." माइक काढून घेतला. आठवड्याने दुसरा पक्ष आला. तिथेही मधली खुर्ची, तिथेही पाणी, तिथेही माइक काढून घेतला. मग एका चॅनलवाल्याने दुकानात येऊन विचारलं, की अमुक एका देशात जे चाललंय त्यावर एक मुस्लिम नेता म्हणून आपलं काय मत आहे?

"उस पर अभी मोहल्ले में मीटिंग नहीं हुई," रमजानी म्हणाले. "बसा. चहा घ्या."

हसू येतं ना? येऊ द्या. पण त्यातलं एक नीट समजून घ्या. मुकेश अध्यक्ष झाला असता आणि त्याने पहिला दिवा आपल्या दारात लावला असता, तर लोक म्हणाले असते, चलता है. रमजानींनी आपल्या गल्लीत एक कुंडी जरी ठेवली असती तरी लोक म्हणाले असते, बघा, शेवटी आपल्यांचंच केलं. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून ते अर्धं करायचे. भित्रे म्हणा, शहाणे म्हणा. अकरा वर्षांत "आपल्यांचं केलं" हे वाक्य त्यांनी कुणाच्या तोंडून निघू दिलं नव्हतं, आणि त्यांची सगळी इज्जत, सगळं अध्यक्षपद त्या एका न निघालेल्या वाक्यावर उभं होतं.

आणि मग यंदाच्या मे महिन्यात बोरिंग आलं.

टंकी मोहल्ल्याला नाव पडलं ते वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या एका टाकीवरून. टाकी अजून उभी आहे. पाणी इंजिनांबरोबर गेलं. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा इथे जे चालतं त्याला रांग म्हणत नाहीत. तर पार्षदांचा, म्हणजे नगरसेवकांचा, निरोप आला: एक बोरिंग मंजूर, वर पाच हजार लिटरची टाकी, नळ दोन्ही गल्ल्यांना. मशीन मऊरानीपुरहून मंगळवारी सकाळी येणार. जागा समितीने लिहून द्यायची, दोन्ही गल्ल्यांच्या सह्यांसकट. मंगळवारी सह्या नसतील तर मशीन तशीच पुढच्या मोहल्ल्यात जाईल.

रविवारी दुकानात मीटिंग भरली.

"बोरिंग ऊपर होगा," बब्बन म्हणाला, आणि फळीवरचा कापूस हलला.

"काए, ऊपर काए?" मुकेश म्हणाला. "नीचे पानी जल्दी लगता है."

"नीचे तो तुम्हारा जनरेटर लगता है!"

"पुरे," रमजानी म्हणाले. "हळू."

आता इथे सांगायला हवं की बोरिंग कुठे व्हावं ते रमजानींना पहिल्या क्षणीच कळलं होतं. वरच्या गल्लीच्या टोकाला, कडुनिंबाच्या पारापाशी. तिथे टाकी बसवली की पाणी उताराने खाली शेवटच्या घरापर्यंत आपोआप पोचेल. खाली टाकी बसवली तर वर चढवायला दुसरी मोटर लागेल, आणि झाशीतली वीज मोटर लावायच्या वेळेला कुठे असते ते आपण जाणतो. पण वरची गल्ली म्हणजे मन्सूरींची गल्ली. रमजानींचं जन्माचं घर तिथे. तोंडापर्यंत आलेला शब्द त्यांनी गिळला आणि फळीवरून दोऱ्याची रिळं काढली.

"मापते हैं," ते म्हणाले. "ऊपर के आखिरी दरवाजे से नीचे के आखिरी दरवाजे तक. जहाँ आधा, वहाँ बोरिंग."

मुकेशने बब्बनकडे पाहिलं, बब्बनने मुकेशकडे. दोघांनाही वाटलं, समोरच्याला वर किंवा खाली मिळण्यापेक्षा हे बरं. उषाताईंनी लिहून काढलं, "दोरा जिथे अर्धा होईल तीच जागा, त्यात एक वीतसुद्धा बदल नाही," आधी मराठीत, मग हिंदीत, म्हणजे नंतर कुणी भाषेची सबब सांगायला नको. बब्बनने सही केली, मुकेशने केली, रमजानींनी अध्यक्ष म्हणून केली आणि वर समितीचा शिक्का मारला.

मग मोजणी निघाली. अशी मोजणी झाशीत कधी झाली नसेल. वरच्या टोकाला बब्बनने आपल्या घराचं दार सोडून मागच्या बकऱ्यांच्या गोठ्याचं दार आखिरी दरवाजा म्हणून दाखवलं. खाली मुकेशने लगेच दोन बाय दोनच्या कोळशाच्या फडताळाला नवी कडी ठोकली आणि म्हणाला, हा पण दरवाजाच. रमजानी पुढे, हातात रीळ, मागे मोहल्ला. दोरा वरच्या गल्लीतून आला, दुकानाच्या पुढच्या दारातून आत शिरला, तीन पायऱ्या उतरला, मागच्या दारातून खालच्या गल्लीत गेला आणि फडताळापाशी संपला. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. रोजचा रस्ता तोच!

दोऱ्याची बरोबर दुहेरी घडी केली. मध्यावर रमजानींनी स्वतःच्या हाताने, चाळीस वर्षांच्या सरावाने, गाठ मारली. दोरा परत होता तसा अंथरला. सगळे गाठीमागे चालत गेले.

गाठ दुकानात आली. दाराशी नाही, पायरीवर नाही, पार मधोमध: ज्या तख्तावर रमजानी रजया शिवायचे, बैठका घ्यायचे आणि दुपारी झोपायचे, त्या तख्ताच्या पोटाखाली.

"मुबारक हो, अध्यक्षजी," मागून आवाज आला. ही जैतून बी, रमजानींची बायको. मागच्या दाराशी तांदूळ निवडत बसली होती. "ग्यारह साल से दूसरों का आधा-आधा कर रए. आज अपना पूरा हो गया."

त्या रात्रीचं सोडा. सोमवारी दिवसभर रमजानींनी जे केलं ते अकरा वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी खटपट केली. आधी मुकेशकडे गेले. मुकेश वायरी गुंडाळत होता.

"भैया, दो कदम इधर-उधर..."

"जरूर, चाचा! आपके लिए जान हाजिर. दो कदम नीचे कर लो."

मग बब्बनकडे. बब्बन म्हणाला, "चाचा, आपकी दुकान हमारी दुकान. दो कदम क्या, दस कदम सरकाओ. ऊपर को."

मग दोरा ताणला असेल म्हणून पुन्हा मोजून पाहिला. गाठ हातभर सरकली आणि तख्ताखालून उठून शिलाई मशीनखाली गेली. मग त्यांनी उषाताईंना गाठलं. त्या कागद पुढ्यात घेऊनच बसल्या होत्या.

"रमजानीभाई, फाडून टाकू का?" त्यांनी विचारलं. "म्हणू, उंदराने खाल्ला."

"नको, वहिनी. शिक्का आहे." ते म्हणाले आणि मोढ्यावर बसले. आत पलंगावरून कमळाबाईंनी हाक दिली, "कोण आहे गं? पिंजारी का? त्याला सांग, माझी उशी एका अंगाला गेलीय!" नव्वदीला आलेल्या कमळाबाईंना अजून माहीत नव्हतं की पिंजारी अध्यक्ष झालाय.

उषाताईंनी चहा ओतला. त्यांनी बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. कोण कुठे अडलंय ते त्यांना न सांगता दिसतं. "एक विचारू? तुमच्या मनात जागा कुठली होती?"

रमजानींनी चहा बशीत ओतला. "नीम के पास," ते म्हणाले.

"ती योग्यच आहे की! पाणी वरून खाली येणार. मग बोलला का नाहीत?"

"वहिनी, आप बोलतीं तो सब कहते, मास्टरनीजी ने हिसाब लगाया. मैं बोलूँ तो कहेंगे..." बशीतला चहा निवत गेला.

घरी जैतून बीने तेच ऐकलं आणि तांदळाचं सूप खाली ठेवलं. "तो कहने दो! कहेंगे तो क्या, दाढ़ी जल जाएगी? मोहल्ला प्यासा मरे, दुकान जाए, पर मियाँ के नाम पे दाग न लगे! ऐसा क्या नाम है तुम्हारा? रमजानी! हर गली में दो मिलते हैं!"

रमजानींनी मोजून पाहिलं तर त्यांच्या गल्लीतच तीन होते.

मंगळवारी सकाळी सात वाजता मशीन आली. ट्रकवर चढवलेला तो लोखंडी उंट पाहून पोरं नाचायला लागली. ऑपरेटरचं नाव नीलकंठ. त्याने कागद वाचला, दुकानात डोकं घातलं, शिलाई मशीनखाली वाकून गाठ पाहिली, वर पत्र्याकडे पाहिलं आणि तंबाखू थुंकायला बाहेर गेला.

"छत निकालनी पड़ेगी," तो म्हणाला. "और आगे की दीवार. और सच बोलूँ तो पीछे की भी. किसका दिमाग है ये?"

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. रमजानी काखेत कापसाचा गठ्ठा धरून उभे होते.

"जल्दी बोलो, चाचा," नीलकंठ म्हणाला. "दस बजे मुझे गरौठा भी निकलना है. करूँ या आगे बढ़ूँ?"

"निकालो छत," मुकेश म्हणाला. "दस्तखत हुए हैं."

"हओ, निकालो," बब्बन म्हणाला. रमजानींनी मधे न पडता या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे पहिलं.

आणि रमजानींचा तोल गेला. चाळीस हिवाळ्यांचा सगळा कापूस जणू एकदम पेटला. त्यांनी गठ्ठा जमिनीवर आपटला, त्यातून नुसता फुस्स आवाज निघाला, तरी लोक दोन पावलं मागे सरकले.

"नहीं निकलेगी छत! बोरिंग नीम के पास होगा! ऊपर! ऊपर! ऊपर!"

मग मुकेश ते वाक्य बोलला. मागे या वेळी काहीही वाजत नव्हतं, त्यामुळे त्याचा खरा आवाज सगळ्यांनी ऐकला. बारीक होता, पोरासारखा.

"देख लिया? आखिर अपनों का ही किया ना. दुकान भी बचा ली, गली भी."

झालं. निघालं ते वाक्य. रमजानींनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तर आभाळ जागेवर होतं, दाढीही जागेवर होती. उषाताई चष्म्यावरून त्यांच्याकडेच पाहत होत्या, नापास होऊ घातलेल्या पोराकडे पाहावं तशा.

रमजानी तडक आत गेले. जैतून बीने आदल्या दिवशी टँकरवर कोपर मारून मारून भरलेलं पाण्याचं पिंप दुकानाच्या कोपऱ्यात होतं. ते त्यांनी तिरकं धरून घसटत, पायाने ढकलत चढावर नेलं, थेट कडुनिंबापर्यंत. मागे जैतून बी, "अरे, ये क्या कर रए? वो कल का पानी है! वो पीने का है!" मागे उषाताई, मागे दोन्ही गल्ल्या, मागे नीलकंठ, ज्याला आता गरौठ्याची आठवण राहिली नव्हती.

पारापाशी रमजानी उभे राहिले. धापा टाकत त्यांनी मुकेशकडे बोट केलं. "तू नीचे वाला है ना? तो जा. अपने दरवाजे पे खड़ा रह. जा!" आणि पिंप उलटं केलं.

मे महिन्यात, झाशीत, भरलेलं पिंप! बायकांच्या तोंडून असा आवाज निघाला की जणू कुणी मूल विहिरीत टाकलं. पाणी आधी गोंधळलं, जरा गोल फिरलं, मग उतार सापडल्यावर निघालं. आणि सगळा मोहल्ला पाण्याच्या मागे धावला. बब्बनच्या दारावरून पाणी गेलं. सुतारांच्या भुशातून पिवळं होऊन गेलं. खांबापाशी कुत्र्याने चार घोट घेतले. मग ते सरळ, ओळखीचं असल्यासारखं, रमजानींच्या दुकानात शिरलं.

"कापूस!" उषाताई ओरडल्या.

खाली पसरलेला पिंजलेला कापूस होता, आणि त्यावर लग्नाच्या दोन जोडरजया, लाल सॅटिनच्या. मुकेशच्या बहिणीच्या. येत्या रविवारी द्यायच्या होत्या. रजयांनी त्यातलं आपलं जे काय घ्यायचं ते घेतलं, उरलेलं पाणी तीन पायऱ्या उतरलं आणि मागच्या दारातून बाहेर पडलं. मुकेश आपल्या दाराशी उभा होता. हाताएवढी एक धार वळणावर आली, जरा थबकली आणि त्याच्या चपलेत शिरली.

मुकेशने चपलेकडे पाहिलं. मग उताराकडे. मग पुन्हा चपलेकडे.

वरून रमजानींची हाक आली, "पहुँचा?"

तेवढ्यात उषाताईंच्या खिडकीतून कमळाबाईंचा आवाज आला, "अगं उषे, नळ आला वाटतं! बादली लाव!"

मुकेशने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि चढ चढून दुकानात आला. रमजानी ओला कापूस मुठीने पिळत होते. मूठभर कापसातून निघणारं पाणी जैतून बी तांब्यात धरत होती आणि प्रत्येक थेंबागणिक काहीतरी बोलत होती, जे इथे लिहिता येणार नाही.

"चाचा, वो रजाइयाँ..." मुकेश म्हणाला.

"दुबारा भरूँगा. नवीन कापूस." रमजानींनी वर पाहिलं नाही. "जो कहना था कह लिया? अब दस्तखत कर, नहीं तो मशीन जा रई."

मुकेश जरा घुटमळला. मग त्याने उषाताईंकडून पेन घेतलं. नव्या कागदावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: कडुनिंबाच्या पारापाशी. बब्बनची सहीही घेऊन ठेवली होती. सही करताना मुकेश एवढंच पुटपुटला, "पहले ही बोल देते, चाचा. छोटे मोड़ों की तरह धागा ले के घुमाया सबको."

"हओ," रमजानी म्हणाले. "गलती हुई."

पावणेदहाला मशीन सुरू झाली. तो आवाज मोजायला नेलपॉलिश पुरलं नसतं. धुळीचा लोट उठला, पोरं कानात बोटं घालून हसत होती, आणि त्या धुळीतून बब्बन आला. हातात झेंडूचा हार, मागे वरच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसं. बब्बन एवढ्या मोठ्याने बोलला की मशीन चालू असून ऐकू आलं.

"अध्यक्षजी जिंदाबाद! आखिर अपना खून अपने काम आया! ऊपर वालों की इज्जत रख ली!"

रमजानी त्याच्याकडे पाहतच राहिले. मुकेशचं वाक्य आणि बब्बनचं वाक्य एकच होतं. एकाने शिवी म्हणून दिली होती, दुसरा हार म्हणून घालत होता. आणि खरं सांगायचं तर हार जास्त झोंबला.

"बब्बन," ते म्हणाले, "ये मेरे गले में डाला ना, तो अल्ला कसम, मशीन उठवा के तेरी बकरियों के बीच में बोरिंग करवाऊँगा."

"पर चाचा, आपने तो हमारा..."

"तुम्हारा नहीं किया! ढलान का किया, उतार का! कल को ढलान उधर होती तो उधर करता! पुरे!"

बब्बन हार घेऊन तसाच उभा. त्याच्या मागची माणसंही तशीच उभी. जिंदाबादसाठी वर गेलेले हात आता खाली कसे आणायचे ते कुणाला सुचेना. एकाने डोकं खाजवून घेतलं. शेवटी रमजानींनीच बब्बनच्या हातून हार घेतला, चार पावलं चालत गेले आणि डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेल्या नीलकंठच्या गळ्यात घातला. नीलकंठने हाराकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि जोरात विचारलं, "किस खुशी में? पानी तो अभी लगा नहीं!"

"लगेगा," रमजानी म्हणाले, आणि ओला कापूस वाळत घालायला दुकानाकडे वळले.